जपानमध्ये शिकायला येताय? आधी पायांकडे बघा

पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, इथे सगळे एकसारखेच कपडे घालतात. काळा, पांढरा, राखाडी, गडद निळा, फार तर मातकट. सकाळच्या लोकलमध्ये उभं राहिलं की डोळ्यांना रंगच सापडायचा नाही. तीनेक आठवड्यांनी लक्षात आलं की फरक आहेत आणि पुष्कळ आहेत. मी रंग बघत होतो, ते मात्र दुसरीकडेच होते: पायातले मोजे कसे आहेत, कोट कुठल्या दारात उतरवला, हाफ शर्ट कुठल्या तारखेपासून दिसायला लागले, कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना माणसाने पँट बदलली की नाही.

नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी हेच सांगतो की जपानमध्ये कपडे माणसाच्या आवडीइतकेच जागेचे आणि दिवसाचे असतात. त्यासाठी तिथे एक शब्द आहे, टीपीओ. अक्षरं इंग्रजी असली तरी शब्द जपानी वळणाचा आहे. वेळ, जागा आणि प्रसंग या तिन्हींसाठीची ही आद्याक्षरं. १९६०च्या दशकात व्हॅन या कपड्यांच्या ब्रँडचे संस्थापक इशिझू केन्सुके यांनी तो रुजवला आणि आज आजीबाईही तो सहज वापरतात. कपड्यांबद्दल कोणी काही सुचवलं तर बहुतेक वेळा या तिन्हीपैकी काहीतरी चुकलेलं असतं, तुमची आवड नव्हे. हे आधीच माहीत असलं की मन दुखावत नाही.

पहिली पायरी: पंधरा दिवस खरेदी थांबवा

आल्या आल्या दुकानात धाव घेऊ नका. बॅगेत दोन पँट, चार-पाच शर्ट किंवा टॉप, एक जाडसर जॅकेट आणि भरपूर मोजे असतील तर पंधरा दिवस सहज निघतात. या पंधरा दिवसांत फक्त बघायचं. तेही नुसतं येता-जाता नको, ठरवून तीन ठिकाणी बघा: सकाळी आठला स्टेशनवर, दुपारी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये आणि संध्याकाळी राहत्या गल्लीत.

स्टेशनवर सूट दिसतील. कॅन्टीनमध्ये ढगळ पँट, स्नीकर्स, खांद्याला कापडी पिशवी. लेक्चरला बसलेल्यांचे कपडे साधे असतात, पण चुरगळलेले फारसे दिसत नाहीत. आणि गल्लीत काय दिसतं ते जरा नीट बघा. माझ्या वसतिगृहातला शेजारी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे रोजच्या वस्तूंच्या छोट्या दुकानात, दूध आणायला जातानाही घरातली पँट बदलून जायचा. दोनशे पावलांचं अंतर. मला ते कळेना, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "ही हेयागी आहे, ही घालून बाहेर कसा जाऊ?"

हेयागी म्हणजे खोलीत घालायचे कपडे. फुदानगी म्हणजे रोज बाहेर घालायचे. आणि योसोयुकी म्हणजे चार लोकांत जायचे. घरातले, रोजचे आणि ठेवणीतले हे तीन कप्पे आपल्याला परके नाहीत. फरक एवढाच की तिथे या कप्प्यांमधल्या भिंती जास्त जाड आहेत. बनियन आणि पायजम्यावर कचरा टाकायला जाणारं कोणी नाहीच असं नाही, पण तुम्ही नवीन असताना तो माणूस तुम्ही होऊ नका.

बघताना टक लावू नका, फोटो काढू नका आणि कोणाच्या कपड्यांवर बोलू नका, कौतुक सोडून. कौतुकासाठी "ओशारे" हा शब्द पुरेसा आहे. ओशारे म्हणजे टापटीप आणि नटवं, दोन्ही चांगल्या अर्थाने.

दुसरी पायरी: पाय

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवणार आहे, कारण नवख्या माणसाची पंचाईत इथेच होते.

जपानी घराच्या दारातून आत गेलात की एक खोलगट चौकोन लागतो, त्याला गेन्कान म्हणतात. तिथून घराची जमीन थोडी उंच असते. बूट गेन्कानमध्ये काढायचे आणि पाऊल थेट वरच्या जमिनीवर टाकायचं. मोज्याचा पाय खालच्या चौकोनाला लागू द्यायचा नाही, कारण ती बाहेरची जमीन मानली जाते. आपण उंबरठ्याला जो मान देतो तसंच काहीसं, फक्त इथे हिशेब स्वच्छतेचा आहे. वर चढल्यावर वाकून बुटांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची. हे करताना यजमानांकडे सरळ पाठ करून उभे राहू नका, जरा तिरके बसा.

आत बहुतेक वेळा सपाता ठेवलेल्या असतात. त्या घालून लाकडी जमिनीवर चाला, पण तातामी म्हणजे गवती चटयांच्या खोलीशी आलात की सपाता बाहेर काढा. तातामीवर फक्त मोजे किंवा अनवाणी पाय. संडासात वेगळ्या सपाता असतात आणि त्या तिथेच सोडून यायच्या. त्या घालून बैठकीत परत येणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. कोणी रागावत नाही, पण सगळ्यांचं लक्ष जातं.

हे फक्त घरापुरतं नाही. कित्येक क्लिनिक, देवळं, शाळा, व्यायामशाळा, जुन्या पद्धतीची खाणावळ, प्राध्यापकांच्या घरची दावत, कुठेही दिवसभरात बूट काढायची वेळ येऊ शकते. म्हणून तिथली माणसं मोज्यांवर खर्च करतात आणि म्हणून मोजा हा तिथे दिसणारा कपडा आहे. अंगठ्यापाशी विरलेला मोजा बुटात लपेल या भरवशावर घराबाहेर पडू नका. माझ्या पाठपिशवीच्या पुढच्या कप्प्यात एक धुतलेली जोडी कायम असायची, पावसाळ्यात दोन.

बूट घेताना दोन गोष्टी बघा. एक, झटकन काढता-घालता येतात का. लांबलचक लेस बांधणारे बूट घेतलेत तर गेन्कानमध्ये दहा जण तुमच्यासाठी खोळंबतात. दुसरं, माप. जपानमध्ये बुटाचं माप सरळ सेंटिमीटरमध्ये असतं: २४.५, २६, २७.५ असं. घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर पाऊल आखा आणि मोजून ठेवा. पुरुषांसाठी साध्या दुकानात २८ च्या पुढचं माप मिळणं अवघड जातं, तेव्हा पाय मोठा असेल तर चांगली जोडी सोबतच आणा.

तिसरी पायरी: भिंतीवरचं कॅलेंडर

कोरोमोगाए हा शब्द पाठ करा. अर्थ, कपडे बदलण्याचा दिवस. १ जूनला हिवाळी गणवेश जाऊन उन्हाळी येतो आणि १ ऑक्टोबरला उलट. ही प्रथा हेयान काळातल्या (आठवं ते बारावं शतक) राजदरबारातून आली आणि आज ती शाळांच्या आणि काही नोकऱ्यांच्या गणवेशात टिकली आहे. कॉलेजच्या मुलांवर तारखेची सक्ती नाही. तरी ऋतू उलटला की कपाट उलटतं, आणि मे महिन्यात कितीही गार वारा सुटला तरी जाड लोकरीचा कोट मात्र दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये ऊन असलं तरी कापडाचे रंग गडद होतात: तपकिरी, विटकरी, शेवाळी. हवामानाचा अंदाज बघून कपडे घालायची सवय आपल्याला असते, तिथे त्याला महिन्याची जोड द्या.

उन्हाळा दमट आणि कडक असतो. तोक्योमध्ये ३५ अंशांचे दिवस येतात. तरी बरेच जण शर्टच्या आत पातळ बनियन घालतात, घाम टिपायला आणि शर्ट अंगाला चिकटू नये म्हणून. बायका छत्री उन्हातही वापरतात आणि हातांना लांब मोजे चढवतात, हल्ली पुरुषही उन्हाची छत्री धरताना दिसतात. २००५ साली पर्यावरण मंत्रालयाने कूल बिझ नावाची मोहीम सुरू केली: कचेऱ्यांतला एसी २८ अंशांवर ठेवायचा आणि टाय-कोट घरी ठेवायचा. त्यामुळे जुलैत बँकेतला माणूस उघड्या कॉलरने भेटला तर ते ढिलेपण समजू नका.

हिवाळ्यात भूगोल आडवा येतो. होक्काइदोत म्हणजे साप्पोरोकडे जाणार असाल तर बाहेर बर्फ आणि घरात मात्र भरपूर उबदार हीटर, त्यामुळे आत पातळ आणि बाहेर जाड असे कपडे लागतात आणि बुटांचा तळ बर्फावर न घसरणारा हवा. तोक्यो किंवा ओसाकात बर्फ क्वचित, पण जुन्या भाड्याच्या खोल्या आतून गारठतात. तिथे मला जाड कोटापेक्षा आतला पातळ उबदार थर जास्त उपयोगी पडला. एकच भला मोठा कोट आणण्यापेक्षा तीन पातळ थर आणा. कारण ट्रेनमध्ये, ग्रंथालयात, दुकानात सगळीकडे गरम असतं आणि दिवसभर काढ-घाल चालू राहते.

जून ते जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयू म्हणजे पावसाळा. होक्काइदो यातून बव्हंशी सुटतं. सायकलवरून कॉलेजला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: एका हातात छत्री धरून सायकल चालवणं नियमाविरुद्ध आहे, दंड होऊ शकतो. चांगला रेनकोट घ्या, पँटसकट. आणि ओढणी, लांब स्कार्फ, घेरदार सलवार चाकात जाणार नाही याची व्यवस्था करा.

चौथी पायरी: ठेवणीतला एक जोड

शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि प्रवेश समारंभाला जवळजवळ सगळी मुलं सूट घालून येतात. ही एक खरेदी पंधरा दिवस थांबू शकत नाही, म्हणून एप्रिलमध्ये येणाऱ्यांनी साधा गडद सूट सोबतच आणावा. गडद निळा किंवा गडद राखाडी उत्तम.

टायबद्दल सांगायलाच हवं. समारंभाच्या आदल्या दिवशी मी एका दुकानात काळा टाय घेऊन काउंटरवर गेलो. काळ्या सुटावर काळा टाय, मला वाटलं सगळ्यात सुरक्षित. काउंटरवरच्या काकूंनी टाय हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोणी वारलं आहे का?" मी गोंधळून नाही म्हणालो. प्रवेश समारंभ आहे असं सांगितलं. त्यांनी तो टाय दोन्ही हातांनी बाजूला ठेवला, काउंटरमागून येऊन निळ्या पट्ट्यांचा एक आणला, माझ्या छातीशी धरून बघितला आणि "ओमेदेतो गोझाइमासु" म्हणजे अभिनंदन म्हणाल्या. काळा टाय तिथे अंत्यसंस्काराचा. त्या काकूंनी मला किती मोठ्या चुकीतून वाचवलं ते मला दुसऱ्या दिवशी सभागृहात बसल्यावर कळलं. इतक्या माणसांत एकाही गळ्यात काळा टाय नव्हता.

हाच सूट पुढे नोकरीच्या मुलाखतींना कामी येईल असं समजू नका. तिथे रिक्रूट सूट नावाचा वेगळा प्रकार आहे: साधा काळा किंवा गडद निळा, पांढरा शर्ट, काळे बूट, काळी ताठ उभी राहणारी बॅग. कंपन्यांच्या माहिती-सभांचा मोसम शेवटच्या वर्षाच्या आधीच्या मार्चमध्ये सुरू होतो आणि त्या दिवसांत स्टेशनवर ही मुलं लगेच ओळखू येतात. आमंत्रणात "पोशाख ऐच्छिक" असं लिहिलं असेल तर जीन्स नको, कॉलरचा शर्ट आणि साधं जाकीट घाला. मुलाखतीला किंवा प्राध्यापकांच्या घरी जाताना हिवाळ्याचा कोट इमारतीत किंवा घरात शिरण्यापूर्वीच उतरवायचा आणि घडी घालून हातावर घ्यायचा. बाहेरची धूळ आत नेऊ नये हा त्यामागचा विचार.

अर्धवेळ काम करणार असाल, परवाना काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत ते करता येतं, तर विचारूनच कपडे घ्या. एप्रन किंवा वरचा शर्ट बऱ्याचदा दुकान देतं, पण काळी पँट आणि काळे बूट आपले आपण आणायचे असतात. केसांचा रंग, नखं, अंगठ्या यांचेही नियम असू शकतात, विशेषतः खाण्याच्या ठिकाणी.

आपले कपडे? जरूर न्या. एक साडी किंवा एक चांगला कुर्ता. मार्चमध्ये पदवीदानाला जपानी मुली किमोनोवर हाकामा म्हणजे चुण्यांचा घेरदार पोशाख नेसून येतात, तो दिवसच पारंपरिक पोशाखाचा असतो आणि परदेशी विद्यार्थ्यांनी आपापला पोशाख घातला की लोक मनापासून खूश होतात. उन्हाळ्यात मित्रमैत्रिणी आतषबाजी बघायला युकाता म्हणजे पातळ उन्हाळी किमोनो घालून चला म्हणतील, तेव्हाही नाही म्हणू नका. फक्त एक गोष्ट चुकवू नका: उजवा पदर आधी अंगालगत आणि डावा त्याच्यावर. हा नियम इ.स. ७१९ च्या राजाज्ञेपासूनचा आहे. उलटी बाजू मृतदेहाला गुंडाळताना करतात. बाईने घातला असो की पुरुषाने, नियम तोच. मोबाइलच्या सेल्फीत बाजू उलट दिसू शकते, तेव्हा फोटो बघून शिकू नका, माणसाला विचारा.

मुळात अडलं की विचारायचंच. "नानि ओ कितेइकेबा ई देसु का", म्हणजे काय घालून येऊ? हे एक वाक्य मला वर्षभर पुरलं. जपानी माणूस आपणहून सांगणार नाही, पण विचारलंत तर रंगापासून बुटांपर्यंत सांगेल.

पाचवी पायरी: आता दुकानात जा

मुलींचे माप आकड्यांत असतात: ७, ९, ११, १३. नऊ म्हणजे साधारण मध्यम. पुरुषांचे एस, एम, एल, मग एलएल. आपल्या नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठं लागेल असं धरून चला, खांदे आणि बाही आधी तपासा. पँट लांब झाली तर बहुतेक दुकानं खालची पट्टी दुमडून शिवून देतात, त्याला सुसोआगे म्हणतात. किमतीच्या चिठ्ठीवर करासकट रक्कम लिहिणं २०२१ पासून बंधनकारक आहे. कपड्यांवरचा कर १० टक्के.

कपडे घालून बघायच्या खोलीत शिरताना बूट बाहेर काढा. आत भिंतीला पातळ कापडी पिशव्या लटकलेल्या असतील. पहिल्यांदा मला त्या कशासाठी हेच कळेना. ती पिशवी डोक्यावरून चेहऱ्यावर ओढायची आणि मग टॉप घालायचा, म्हणजे मेकअपचा डाग कपड्याला लागत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाचा विचार त्यात आहे.

पैसे जपून वापरायचे असतील तर जुन्या कपड्यांची दुकानं बघा, अशा कपड्यांना फुरुगी म्हणतात. तोक्योत शिमोकिताझावा आणि कोएन्जी, ओसाकात अमेरिकामुरा. डाग किंवा उसवण असेल तर चिठ्ठीवर बऱ्याचदा प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. कोट आणि जाकीट मी तिथूनच घ्यायला सांगेन. बूट आणि मोजे नवेच घ्या.

सहावी पायरी: धुणं

घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा साधं नळाचं पाणी असतं, गरम नसतं. कॉलरवरचा घाम आधी हाताने साबण लावून चोळा. कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवरची चिन्हं डिसेंबर २०१६ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीची आहेत: टबमध्ये हात म्हणजे हाताने धुवा, टबावर फुली म्हणजे पाण्यात घालूच नका, चौकोनात उभी रेघ म्हणजे दोरीवर वाळवा, कोपऱ्यात तिरकी रेघ असेल तर सावलीत. इस्त्रीतले ठिपके उष्णतेचे: एक म्हणजे कमी, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जास्त.

वाळत घालायला चिमट्यांचा चौकोनी हँगर घ्या, मोजे आणि अंतर्वस्त्रं त्यालाच लटकतात. बरेच जण अंतर्वस्त्रं आतल्या बाजूला आणि टॉवेल बाहेरच्या बाजूला लावतात, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सुगी (जपानी सीडर) या झाडाचे परागकण उडतात. ज्यांना त्याचा त्रास होतो ते तेव्हा बाहेर कपडे वाळत घालत नाहीत आणि आत येण्यापूर्वी कोट झटकतात. कित्येकांना ही ॲलर्जी तिथे गेल्यावर काही वर्षांनी सुरू होते, तेव्हा सुरुवातीपासून झटकायची सवय लावलेली बरी.

पावसाळ्यात खोलीत वाळवलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. पाकिटावर हेयाबोशी असं लिहिलेली साबणाची पावडर मिळते, ती त्यासाठीच. जीन्स आणि टॉवेल मात्र सरळ नाण्यांच्या लाँड्रीत न्या. मशीनमध्ये शंभर येनची नाणी टाकायची असतात, तेव्हा सुटे शंभराचे वेगळ्या डबीत जमवत चला.

आणि जून लागण्याआधी एका रविवारी कपाट पूर्ण रिकामं करा. ओशीइरे म्हणजे भिंतीतलं कपाट, ते दमट असतं. माझा एक चांगला चामड्याचा पट्टा आणि जोडीचे बूट पहिल्याच त्सुयूमध्ये बुरशीने गेले, हिरवट पांढरी लव उगवली होती त्यांवर. लोकरीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवून कसरीच्या औषधासह डब्यात बंद करा, कपाटाच्या तळाशी ओल शोषणारा डबा ठेवा आणि कोरडा दिवस असला की कपाटाचं दार दुपारभर उघडं टाका.